मराठी माध्यमामुळं माझे कॉमे चुकतात का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ३२ वर्षांच्या आहेत. कोल्हापुरात राहतात आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बी.कॉम. आठ वर्षं मेल लिहितायत, कधी कुणाची तक्रार नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नवे मॅनेजर आले. त्यांनी मीटिंगमध्ये बाईंचा एक मेल पडद्यावर लावला, कॉमांभोवती लाल गोल काढले आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘हे एक वाक्य आहे का चार?’ तेव्हापासून एकेका मेलला अर्धा तास जातो. आता त्या चार-पाच शब्दांचीच वाक्यं लिहितात, तरी धाकधूक राहतेच. त्यांचं विचारणं असं: हा मराठी माध्यमाचा दोष आहे का? भरपूर फी भरून क्लास लावू, की मेल सरळ एआयकडून दुरुस्त करून घेऊ? आणि मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. तिचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून तिला इंग्रजी माध्यमात घालू का?

मेल असा होता (पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा उठवायचा नमुना): ‘वी हॅव रिसीव्ड युवर ड्रॉइंग, द होल साइझ इज नॉट क्लिअर, वी स्टार्टेड द पॅटर्न, प्लीज कन्फर्म.’

ताई,

पत्रासोबत तो मेलही पाठवलात हे फार बरं केलंत. नुसतं ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ एवढंच लिहिलं असतंत, तर मीही वरवरचंच काहीतरी सांगितलं असतं. मेल दोन-तीनदा वाचला. स्पेलिंग एकही चुकलेलं नाही, काळ जागच्या जागी आहेत. म्हणजे इंग्रजी येत नाही हा प्रश्नच नाही. मॅनेजरांनी विचारलं ते मात्र बरोबर विचारलं. ती चार वाक्यं आहेत, आणि त्यांना धरून ठेवायला फक्त तीन कॉमे आहेत. त्यांचं म्हणणं बरोबर, म्हणायची रीत चुकीची. आठ वर्षं काम केलेल्या माणसाला हे टेबलाशी बोलावून सांगता आलं असतं. पण रीतीचा राग म्हणण्यावर काढू नका, त्यात तुमचंच नुकसान आहे.

आता तोच मेल मराठीत म्हणून बघू. ‘ड्रॉइंग मिळालं, भोकाचं माप नीट कळत नाही, पॅटर्न सुरू केलाय, तेवढं कळवा.’ फोनवर असं कुणी बोललं तर ऐकणारा कुठंही अडणार नाही. का अडणार नाही, ते बघण्यासारखं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मिळालं’ ऐकलं की एक गोष्ट संपली हे कानाला कळतं. ‘कळत नाही’ ऐकलं की दुसरी संपली. आपल्याकडं वाक्याचं दार क्रियापदच लावून घेतं. मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, विरामचिन्हं नव्हतीच, तरी कारभार आणि हिशेब चालत होते. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी मराठीत इंग्रजीच्या वळणानं एकोणिसाव्या शतकात आली. ती आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्यासोबत १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश केला, तेच हे कँडी.

इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं. ‘द होल साइझ इज नॉट क्लिअर’ इथवर वाचणारा आला, तरी वाक्य संपलं का हे त्याला ठरवता येत नाही. पुढं ‘टू अस’ येईल, ‘ऑन शीट टू’ येईल, काहीही येईल. म्हणून तो चिन्हाकडं बघतो. आणि कॉमा त्याला सांगतो, ‘थांब, अजून चालू आहे.’ तुमचा कॉमा त्याला नेमका उलटा इशारा देतोय. तुमचा कान कच्चा नाही, तो मराठीत पक्का बसलाय. म्हणून मराठीत जे चालून जातं ते इंग्रजीत नेताना खटकत नाही.

मग हा मराठी माध्यमाचा दोष म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. ज्यांची आईच इंग्रजी बोलते अशी मुलंही शाळेत सर्रास हीच चूक करतात. त्यांच्याकडं तिला ‘कॉमा स्प्लाइस’ असं नावच आहे. मूळ आहे ते एका शिकवणीत: ‘जिथं श्वास घ्याल तिथं कॉमा द्या.’ तुम्हालाही हेच शिकवलं असणार, मलाही हेच शिकवलं होतं. मोठ्यानं वाचून दाखवायच्या काळातला हा नियम. कॉमाला एक मोजा, सेमिकोलनला (म्हणजे अर्धविरामाला) दोन, असं जुनी इंग्रजी व्याकरणं चक्क शिकवत असत. आज मेल कुणी मोठ्यानं वाचत नाही. आजचा कॉमा श्वासाचा राहिला नाही, तो रचनेचा झाला. दोन पूर्ण वाक्यांचं वजन त्याला एकट्याला पेलत नाही.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं ते सांगते. तो मेल का लिहिला हे समजावताना तुम्ही मला लिहिलंय: ‘पॅटर्न सुरू केला होता, पण कोअर बॉक्सला हात लावला नव्हता, म्हणून माप आधी विचारून घेतलं.’ हे वाक्य परत एकदा वाचा. ‘पण’ आहे, ‘म्हणून’ आहे. भोक कोअरनं, म्हणजे कोअर बॉक्समध्ये घडवलेल्या वाळूच्या गाभ्यानं पडतं, पॅटर्ननं फक्त बाहेरचा आकार येतो, तेव्हा कुठलंही नुकसान झालेलं नाही, हे सगळं त्या दोन शब्दांनी मला कळलं. इंग्रजीत जाताना ते दोन शब्द वाटेत गळाले आणि त्यांच्या जागी कॉमे येऊन बसले. ग्राहकाला चार गोष्टी मिळाल्या, पण कुठली कशामुळं आणि कुठली कशाच्या आधी, हे मिळालं नाही. माप कळत नसताना यांनी काम रेटलं, असंही त्याला वाटू शकतं. लाल गोलापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

ते शब्द परत घातले की मेल असा होतो: ‘वी हॅव रिसीव्ड युवर ड्रॉइंग. वी हॅव स्टार्टेड द पॅटर्न, बट द होल साइझ ऑन शीट टू इज नॉट क्लिअर. प्लीज कन्फर्म इट बिफोर वी मेक द कोअर बॉक्स.’ वाक्यं तीन झाली. कॉमा एकच उरला, आणि त्याच्या सोबतीला ‘बट’ आहे. ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘ऑर’, ‘येट’ यांतला एखादा शब्द बरोबर असला, की कॉमा दोन पूर्ण वाक्यांच्या मधे उभा राहू शकतो. असा शब्द नसेल तर पूर्णविराम द्या. कारखान्याच्या मेलमध्ये दहातल्या आठ वेळा पूर्णविरामच बरा पडतो.

इथं बहुतेक जण एका शब्दाला फसतात. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या मेलमध्येही तो आहे: ‘द मटेरिअल इज रेडी, हाउएव्हर द ट्रक हॅज नॉट कम.’ अर्थ ‘बट’सारखाच वाटतो, म्हणून त्याला ‘बट’च्या जागी बसवलं जातं. पण ‘हाउएव्हर’ हा जोडणारा शब्द नाही. हे ओळखायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, आपली मराठी पुरते. ‘माल तयार आहे, पण ट्रक आला नाही.’ हा ‘पण’ तिथून हलवून बघा. ‘ट्रक आला पण नाही’ म्हटलं की अर्थच फिरतो. आता ‘मात्र’ घ्या. ‘माल तयार आहे. ट्रक मात्र आला नाही.’ ‘मात्र’ वाक्याच्या पोटात शिरतो, कारण तो दोन वाक्यांच्या मधला खिळा नाही, तो दुसऱ्या वाक्याच्या घरातला आहे. ‘बट’ म्हणजे आपला ‘पण’, ‘हाउएव्हर’ म्हणजे आपला ‘मात्र’. ‘द ट्रक, हाउएव्हर, हॅज नॉट कम’ असं तो मधेही चालतो. जो शब्द असा मधे सरकवता येतो, तो दोन वाक्यं जोडू शकत नाही. ‘देअरफोर’ तसाच, ‘मोअरओव्हर’ तसाच. त्यांच्या आधी पूर्णविराम हवा किंवा सेमिकोलन, आणि त्यांच्यानंतर कॉमा.

सेमिकोलनला घाबरू नका, पण त्याच्या मागंही लागू नका. १४९० च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डस मनुशिअस यांच्या छापखान्यातून तो पुढं आला, कॉमा आणि पूर्णविराम यांच्या मधली जागा भरायला. ती जागा अजून तीच आहे. दोन वाक्यं पूर्ण आहेत, पण इतकी जवळची आहेत की पूर्णविरामानं तोडवत नाहीत, तिथं तो येतो. महिन्याला दोनदा वापरलात तरी पुष्कळ झालं.

आता तुमच्या नव्या उपायाबद्दल. लहान वाक्यं लिहायला लागलात, त्यानं मेल सोपे झाले हे खरं. पण गेल्या आठवड्यातल्या मेलमध्ये हे आहे: ‘वी कॅनॉट डिस्पॅच टुडे. बिकॉज द हायवे इज क्लोज्ड.’ यातलं दुसरं वाक्य लंगडं आहे. ‘बिकॉज’ आला की त्याला दुसऱ्या वाक्याचा आधार लागतो. आधी दोन वाक्यं चिकटत होती, आता एकच वाक्य मधून तुटलं. भीतीनं वाक्यं छाटली की असं होतं.

तुमच्यासाठी मी पुराचंच उदाहरण घेते, कारण शिरोलीच्या माणसाला असा मेल लिहावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक थांबली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. जर्मनीतल्या खरेदी विभागाला ते माहीत असायचं कारण नाही. ‘पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली, हायवे बंद झाला, ट्रक अडकला’ असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणारा कोल्हापूरचा असतो, त्यामुळं ‘म्हणून’ न घालताही भागतं. परदेशातल्या माणसासाठी ‘म्हणून’ लिहावाच लागतो. ‘बिकॉज द पंचगंगा हॅज रिझन अबाव्ह द डेंजर लेव्हल, द हायवे ॲट शिरोली इज क्लोज्ड, अँड अवर ट्रक कॅनॉट लीव्ह.’ उशीर का झाला, तुमच्यामुळं की नदीमुळं, याचं उत्तर त्या ‘बिकॉज’मध्ये आहे. वाक्याची सुरुवात ‘बिकॉज’नं करू नये असं शाळेत सांगतात, तेही सोडून द्या. करता येते, फक्त पुढं मुख्य वाक्य आलं पाहिजे. कारण आधी आलं तर मधे कॉमा. कारण नंतर आलं तर बहुतेक वेळा कॉमा लागत नाही: ‘अवर ट्रक कॅनॉट लीव्ह बिकॉज द हायवे इज क्लोज्ड.’

‘जरी-तरी’चंही असंच. मराठीत जोडी लागते, इंग्रजीत एकटा पुरतो. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी लोडेड द ट्रक’ यातला ‘बट’ म्हणजे आपला ‘तरी’ पाठोपाठ आलेला. त्याला घरी ठेवा.

‘की’पुढचा कॉमाही मराठीतच राहू द्या. ‘वी इन्फॉर्म यू, दॅट’ असं लिहीत नाहीत. आणि ‘कळवा की कधी पाठवणार’ यातला ‘की’ घेऊन ‘प्लीज टेल अस दॅट व्हेन विल यू सेंड’ असंही लिहू नका. ‘प्लीज टेल अस व्हेन यू विल सेंड इट’ एवढं पुरे.

एका कॉमापाशी मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे, कारण त्यात पैसे जाऊ शकतात. समजा २०० कास्टिंग (ओतलेले भाग) पाठवायच्या होत्या आणि त्यातल्या १२ मध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेल्या पोकळ्या, निघाले. तुम्ही लिहिलंत: ‘द कास्टिंग्ज, व्हिच हॅड ब्लोहोल्स, वेअर स्क्रॅप्ड.’ दोन कॉमांमधला मजकूर इंग्रजी वाचणारा ‘जाता जाता सांगितलेली माहिती’ म्हणून घेतो. तो काढून टाकला तर उरतं ‘द कास्टिंग्ज वेअर स्क्रॅप्ड’. म्हणजे २०० च्या २०० भंगारात गेल्या आणि सगळ्यांतच ब्लोहोल होते! तुम्हाला म्हणायचं होतं ते असं: ‘द कास्टिंग्ज दॅट हॅड ब्लोहोल्स वेअर स्क्रॅप्ड.’ कॉमा नाही, ‘व्हिच’च्या जागी ‘दॅट’. आता फक्त त्या १२ गेल्या. हा कॉमा येतो कुठून ते सांगते. मराठीत आपण ‘ज्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल होते, त्या भंगारात काढल्या’ असं लिहितो, आणि ‘त्या’च्या आधी कॉमा देतो. मराठीत तो निरुपद्रवी आहे, कारण वेगळं काढायचं काम ‘ज्या-त्या’ ही जोडी करते. इंग्रजीत ते काम कॉमा असण्या-नसण्यावर सोपवलंय. म्हणून जिथं आकडा आहे, माल आहे, नकार आहे, तिथं असा कॉमा दिसला की स्वतःला विचारा: सगळ्या की त्यातल्या काही?

अजून एक, मग पुरे. ‘आफ्टर ओपनिंग द बॉक्स, रस्ट वॉज सीन’ असं तुम्ही लिहिलंय. ‘पेटी उघडल्यावर गंज दिसला’ हे मराठीत स्वच्छ आहे. पण ‘पेटी उघडून गंज दिसला’ म्हणून बघा, लगेच खटकेल. ‘-ऊन’ला दोन्ही कामं एकाच कर्त्याची लागतात, ‘-ल्यावर’ला तशी अट नाही. इंग्रजीतलं ‘आफ्टर ओपनिंग’ आपल्या ‘उघडून’सारखं वागतं. तुमच्या वाक्यात पेटी गंजानंच उघडली असं होतं. ‘व्हेन वी ओपन्ड द बॉक्स, वी सॉ रस्ट.’ उघडणारा आणि बघणारा दोघं सांगितले की झालं.

आता क्लासचं. फी भरण्याआधी तीन आठवडे थांबा. तोवर पाठवलेल्या मेलमधून रोज एक जुना मेल काढा, छापून घ्या, आणि पेन्सिलीनं पुरी क्रियापदं तेवढी गोल करा. मग जोडणारे शब्द आणि पूर्णविराम मोजा. चार क्रियापदं असतील तर त्यांच्यामधे तीन जोड किंवा तीन पूर्णविराम असले पाहिजेत. तुमच्या त्या मेलमध्ये क्रियापदं चार होती आणि जोड शून्य. ही मोजणी मी कॉलेजात असताना करवीर नगर वाचन मंदिरात बसून शिकले. १८५० पासूनच्या त्या वाचनालयात इंग्रजी पेपरची एकच बातमी वहीत उतरवायची आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा जोड शोधायचा, असं वर्षभर चाललं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, पण हळूहळू डोळ्याला सवय लागली. तीन आठवड्यांनंतरही अडलं तर क्लास लावा. पण आधी त्यांना विचारा, तुमचेच मेल घेऊन शिकवणार का. ‘स्पोकन’च्या बॅचमध्ये बसवून कॉमा सुधारणार नाही.

एआय वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो कुठं कमी पडतो ते माहीत असू द्या. तुमचा तो मेल त्याला दिला तर कॉमे नीट करून देईल, कदाचित ‘ऑलदो’ किंवा ‘देअरफोर’सुद्धा घालेल. पण पॅटर्न आधी सुरू झाला की शंका आधी आली, हे त्याला कुठून कळणार? ते फाउंड्रीत उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक. म्हणून त्याच्याकडं देण्याआधी ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’, ‘तोवर’ हे तुम्ही ठरवा. लागलंच तर मेल आधी मराठीत लिहा, जोडशब्द अधोरेखित करा, मग इंग्रजीत न्या. यातला एकही शब्द वाटेत गळता कामा नये.

मॅनेजरांकडं एकदा जा. ‘साहेब, ती चार वाक्यं होती, मला कळलं. पुढच्या दहा मेलमध्ये असं कुठं दिसलं तर मला टेबलावर सांगाल का?’ एवढंच म्हणा. ‘टेबलावर’ या शब्दावर थोडं थांबा. समजणारा माणूस असेल तर समजेल.

आणि मुलीचं. तिच्या शाळेचा निर्णय तुम्ही आणि तिचे बाबा घ्याल तो घ्या. शाळा घरापासून किती लांब आहे, शिक्षक कसे आहेत, वर्गात किती मुलं आहेत, घरी कोण अभ्यास घेणार, ती कुठल्या भाषेत प्रश्न विचारते, हे सगळं बघा. पण त्या लाल गोलांमुळं घेऊ नका. इंग्रजी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलांचे अर्ज मी तपासलेत, तीच चार वाक्यं, तेच तीन कॉमे. ‘पण’ कुठं आणि ‘म्हणून’ कुठं हे ज्या मुलीला आपल्या भाषेत नीट सांगता येतं, तिच्या हाती इंग्रजी कॉमाची निम्मी किल्ली आलेली असते. तुमच्याकडं ती आहे, हे पत्रावरून दिसतंय.

शीट दोनवरच्या त्या भोकाचं माप ग्राहकानं अजून कळवलं नसेल, तर उद्या सकाळी पहिला मेल तोच पाठवा. वरची तीन वाक्यं तशीच उतरवून घ्या.